कुपनच शेत खातं

आमच्या घरातल्या गोदरेजच्या कपाटात, लग्नातल्या शालूच्या खाली, रेक्झिनची एक लाल पिशवी आहे. चोर आला तर पहिल्यांदा तीच उचलेल, इतकी ती जपून ठेवली आहे. आणि दाराबाहेर जाऊन उघडली, की रडत परत आणून देईल. त्या पिशवीत कुपनं आहेत. चहाच्या पुड्यातली, साबणाच्या वेष्टणावरची, वर्तमानपत्रातून कापलेली, साडीच्या दुकानाने बिलाला टाचून दिलेली. एक तर अशा धुलाई पावडरचं आहे, जी बाजारातून केव्हाच नाहीशी झाली.

"मुदत संपलेली कशाला ठेवतेस?" मी एकदा विचारलं.

"असू द्या जी. वाढवली मुदत तर?"

बत्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवून अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झालो, पण ह्या आशावादाला अलंकार कोणता म्हणावा ते मला अजून सांगता येत नाही.

कुपन हा शब्द मुळात फ्रेंच. त्या भाषेत त्याचा संबंध कापण्याशी आहे. काय कापायचं, कागद की गिऱ्हाईक, ते फ्रेंचांनी स्पष्ट केलेलं नाही. आमच्या चुलतभावाच्या बोलण्यात मात्र 'कुंपण'मधला अनुस्वार पहिल्यापासूनच गळालेला, त्यामुळे त्याच्या घरी भलताच घोटाळा झाला. मृगाच्या तोंडावर तो कपाशीचं बियाणं घ्यायला यवतमाळजवळच्या आमच्या कळंबात आला. दुकानदाराने थैलीसोबत सोडतीचं चिटोरं दिलं. पहिलं बक्षीस मोटारसायकल. घरी जाऊन तो बायकोला म्हणाला, "दुकानदारानं कुपन देल्लं." वहिनी म्हणाली, "बरं झालं बाप्पा. कोणत्या धुऱ्यावर लावता?"

वहिनी चुकली असं मला वाटत नाही. कुपन हे कुंपणच आहे. लांबून पाहिलं की आत हिरवंगार दिसतं; जवळ गेलं की काटे. कंपनीने जाहिरात करायची, दुकानदाराने ते चिटोरं दोन्ही हातांनी, हसत, "घ्या ना सर" म्हणत द्यायचं. तेच आपण परत त्याच्यासमोर धरलं की दोन बोटांत धरतो, उलटं करतो, उजेडापुढे नेतो. गल्ल्यात नोट टाकतानाही तो इतकी चौकशी करत नाही. देतानाचा 'सर' घेताना 'काका' होतो आणि जास्त बोललो तर नुसता 'ओ'.

ह्या धंद्याची सुरुवात बरी झाली होती. 1887 साली अमेरिकेतल्या अटलांटा शहरात कोका-कोलाने चिठ्ठ्या वाटल्या: ही दाखवा आणि एक ग्लास फुकट प्या. 1913 पर्यंत अशा चिठ्ठ्यांवर सुमारे 85 लाख ग्लास फुकट गेले म्हणतात. त्या चिठ्ठीवर तारांकित अटी होत्या की नाही मला ठाऊक नाही, पण एवढे ग्लास खरोखर लोकांच्या घशाखाली उतरले, म्हणजे नसाव्यात. तो बारीकसा तारा नंतर कोणीतरी शोधून काढला. आभाळातले तारे मोजता येत नाहीत आणि कुपनवरचा तारा वाचता येत नाही.

आमच्या कळंबातल्या एका किराणा दुकानात पाचशे ग्रॅम चहापत्तीवर काचेची बरणी फुकट होती. पुड्यावर तसं ठळक छापलेलं. मी पुडा घेतला, बरणी मागितली.

"नाई आली जी बरणी. कंपनीनं पाठवलीच नाई."

मी वर पाहिलं. त्याच्या डोक्यामागच्या फळीवर अकरा बरण्या ओळीने. मास्तरकीच्या सवयीने मोजल्याच.

"मग त्या कोणत्या?"

"त्या? त्या इकाच्या हाय. चाळीस रुपये."

"अहो, तिच्यावर 'विक्रीसाठी नाही' असं लिहिलंय."

त्याने एक बरणी काढली. लेबल वाचलं. पुन्हा वाचलं. मग अतिशय शांतपणे ती परत फळीवर ठेवत म्हणाला, "बरोबर हाय गुरुजी. इकाची नाई म्हणते. मंग तुमाले देतो तरी कसा?"

ह्यावर उत्तर नव्हतं. मुख्य म्हणजे हा माझाच विद्यार्थी. विधानाचा शब्दशः अर्थ काढ, असं मीच त्याला सातवीत बजावलं होतं. त्याच्या दुकानात लक्ष्मीच्या तसबिरीच्या एका बाजूला 'आज रोख उद्या उधार' आणि दुसऱ्या बाजूला 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' अशा पाट्या आहेत. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते, बिलावर मुदत नसेल तर तीस दिवसांच्या आत परत घेतला पाहिजे, हे मी त्याला समजावून सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बिल कुठं देतो जी मी?"

हाच माणूस काही वर्षांपूर्वी दहाचं नाणं घेत नव्हता. रिझर्व्ह बँकेने जानेवारी 2018 मध्ये पत्रक काढून सांगितलं, की दहाच्या नाण्याचे चौदाही नमुने खरे आहेत. "चालत नाई मार्केटमदी," हे त्याचं उत्तर. सिंहाची मुद्रा असलेला सरकारी पैसा जिथे चालत नाही, तिथे साबणाच्या वेष्टणाचा कापलेला कोपरा घेऊन जाणारा मी. धाडस माझंच. शिवाय स्वतःचं चलन तो बिनदिक्कत चालवतो. रुपया सुटा नसला की बरणीत हात घालून चॉकलेट पुढे करतो. अशी सतरा चॉकलेटं साठवून मी एकदा काडीपेटी आणि मीठ घ्यायला गेलो. त्याने ती मोजून घेतली, त्यातलं एक सोलून तोंडात टाकलं आणि म्हणाला, "नरम पडले जी. जुने हाय."

वर्तमानपत्रांचं कुपनयुग ज्यांनी पाहिलं नाही त्यांना महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गाची चिकाटी कळणार नाही. रोज एक कुपन छापून यायचं, ते कापून छापील तक्त्यावर त्याच क्रमांकाच्या चौकोनात चिकटवायचं, आणि सगळे चौकोन भरले की हमखास भेट. बादली, डबा, घड्याळ, काहीतरी. त्या काळात आमच्या गल्लीत बातम्या कोणी वाचत नसे, पण पेपर सकाळी साडेसहाला उघडला जायचा. कात्री, खळ आणि तक्ता. निधनवार्तेच्या पाठीमागे कुपन आलं तर निधनवार्ता जायची.

आमचा सत्तेचाळीस नंबर हुकला. त्या दिवशी पावसाने पेपरची गाडीच आली नाही. सगळा तक्ता भरलेला आणि मधोमध एक पांढरा चौकोन, पडलेल्या दातासारखा. बायकोला झोप लागेना. शेवटी मी कटिंगच्या दुकानात गेलो. तिथे जुने पेपर असतात. केस वाढलेले नव्हते, तरी बसलो. नंबर आला तेव्हा सहज म्हणून त्या तारखेचा अंक उचलला. नेमकी त्या जागी एक स्वच्छ चौकोनी खिडकी. खिडकीतून पलीकडच्या खुर्चीवर दाढी करून घेणारे आमचे मुख्याध्यापक दिसले. त्यांनीही मला पाहिलं आणि नजर चुकवली.

शेवटी बायकोने सत्तेचाळीस नंबर कुठूनसा मिळवलाच. भेटवस्तू घ्यायला यवतमाळला जायचं. रांग रस्त्यापर्यंत आलेली. खिडकीतल्या माणसाने तक्ता घेऊन प्रत्येक चौकोनावरून नख फिरवलं. इतकी बारीक तपासणी दहावीच्या उत्तरपत्रिकेची आम्ही कधी केली नाही. केली असती तर निकाल वेगळे लागले असते. एकोणिसाव्या क्रमांकाचं कुपन जरा तिरकं चिकटलं होतं. त्याने मान हलवली. मागच्या बाईंनी त्याला सुनावलं, "काऊन बाप्पा, बादली पण तिरकी देतू का?" तेव्हा कुठे मिळाली. हिरवी, कडी नसलेली. कडी पुढच्या आठवड्यात येणार होती.

आता कागद गेला आणि कुपन मोबाइलमध्ये शिरलं. पंधरा रुपयांचा पोहा खाऊन पैसे मोबाइलवरून दिले की पडद्यावर एक रंगीत पत्ता नाचत येतो: खरवडा! खरवडलं की सिंगापूरच्या विमान तिकिटावर दोन हजारांची सूट. कळंबला रेल्वे यायलाच फेब्रुवारी 2024 उजाडला, तीही वर्ध्यापासून कळंबापर्यंत. पुढे यवतमाळ-नांदेडचं काम चालू. आणि हे आम्हाला सिंगापूरला धाडतात. दुसरा पत्ता खरवडला तर घरपोच जेवणावर साठ टक्के सूट. पत्ता टाकला तर 'तुमच्या भागात आमची सेवा उपलब्ध नाही'. पोहेवाला हे सगळं बघत होता. त्याने माझ्या पत्रावळीवर आपण होऊन आणखी एक पळी तर्री ओतली. कोड विचारला नाही.

ह्या बाबतीत मला आमचा आठवडी बाजार थोर वाटतो. भाजी घेतली की पिशवीचं तोंड उघडं धरायचं आणि नुसतं म्हणायचं, "सांभार?" पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगतो, सांभार म्हणजे इडलीबरोबरचं नव्हे, कोथिंबीर. बाई चार काड्या टाकते, वर दोन हिरव्या मिरच्या. अट नाही, मुदत नाही, ओटीपी नाही. अर्थात मे महिन्यात हेच विचारून पाहा. सांभार महागला की तीच बाई सांभाराची जुडी ओल्या पोत्याखाली सरकवते आणि आपल्या पिशवीत असं बघते, की आपणच ओशाळून तोंड बंद करतो. पिशवीचं आणि आपलंही. पण निदान ती "सिस्टीम घेत नाही" असं म्हणत नाही.

हे वाक्य मी ऐकलं ते यवतमाळच्या एका मोठ्या वातानुकूलित दुकानात. तिथली दोन कुपनं आमच्या लाल पिशवीत होती. अडीच हजारांच्या खरेदीवर अडीचशे सूट. एका कुटुंबाला एकच कुपन, हे खाली मुंगीच्या पावलांनी लिहिलेलं. बायकोने भिंगाने वाचलं आणि बेत आखला. "आपण वेगळे जाऊ. दोन ढकलगाड्या, दोन रांगा. तुम्ही मला ओळखू नका."

"बरं."

"अन् बोलू नका माझ्याशी."

"बरं," मी म्हणालो. बहुधा जरा जास्तच पटकन म्हणालो, कारण तिने वळून पाहिलं.

दारात पहारेकऱ्याने हातातली पिशवी काढून घेऊन टोकन दिलं. आपली कापडी पिशवी बाहेर ठेवायची, आणि जाताना त्यांची पिशवी विकत घ्यायची. चंदीगडच्या ग्राहक मंचाने 2019 मध्ये तीन रुपयांच्या अशाच एका पिशवीपायी दुकानदाराला नऊ हजार रुपये भरायला लावले होते. ही माहिती मी पहारेकऱ्याला दिली. तो म्हणाला, "टोकन हरवू नका काका."

माझ्या रांगेत सामानाचे झाले 2612 रुपये. मी विजयी मुद्रेने कुपन काढलं. काउंटरवरचा मुलगा पंचविशीचा, गळ्यात पट्टा. त्याने कुपन दोन बोटांत धरलं.

"काका, तेल धरत नाही ह्याच्यात."

"म्हणजे?"

"तेल, साखर, डाळ, तांदूळ यांच्यावर कुपन नाही. तुमचं तेल सातशे ऐंशीचं आहे. ते सोडून अठराशे बत्तीस होतात. सहाशे अडुसष्टचं अजून घ्या."

मागे सहा माणसं. त्यातल्या एकाच्या कडेवर पोर, पोराच्या हातात न फोडलेला बिस्किटाचा पुडा. सगळ्यांच्या चेहऱ्यावर 'द्या ना काका पैसे अन् व्हा मोकळे'. ह्या क्षणी शहाणा माणूस कुपन खिशात घालतो. मी गाडी वळवली. हाताला लागलं ते घेतलं: एक पायपुसणं, न्हाणीघरात टांगायचा वास, आणि प्लास्टिकचा एक टब, ज्यात आमच्या घरी आंघोळ करण्याजोगं कोणीही उरलेलं नाही. सहाशे नव्वद. परत रांगेच्या शेवटी. नंबर आला. मुलाने कुपनवरच्या रेघांवर यंत्र धरलं. यंत्र गप्प.

"सिस्टीम घेत नाही काका."

"का घेत नाही?"

"ते सिस्टीमलाच माहीत."

मी बोलायला लागलो. 24 डिसेंबर हा राष्ट्रीय ग्राहक दिन, 1986 साली त्याच दिवशी पहिल्या ग्राहक कायद्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. त्याच्याही आधी, 1974 मध्ये, पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत उभी केली. आवाज चढला होता. रांगेतलं पोर बिस्कीट विसरून माझ्याकडे बघत होतं. मुलगा ह्या भाषणाला कंटाळला असावा. त्याने हाताने तेरा आकडे दाबले आणि यंत्राने टुंग केलं. घेतलं! अडीचशे वजा! आयुष्यात एवढा आनंद मला पेन्शनच्या पहिल्या दिवशीही झाला नव्हता.

आणि तेवढ्यात शेजारच्या रांगेतून, सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असा आवाज आला:

"अहोऽऽ! हिंग राह्यला!"

मुलाचा हात थबकला. त्याने तिकडे पाहिलं. तिच्या हातात कुपन. माझ्याकडे पाहिलं.

"काका, त्या काकू तुमच्यासोबत आहेत का?"

"नाही."

"त्या तुम्हाला 'अहो' म्हणाल्या."

"'अहो' हे संबोधनदर्शक केवलप्रयोगी अव्यय आहे," मी म्हणालो. "ते कोणालाही लावता येतं."

त्याने तिला विचारलं, "काकू, हे तुमचे मिस्टर का?"

बायकोने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. पायपुसण्याकडे पाहिलं. टबाकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग इतक्या सहजपणे, इतक्या मनापासून म्हणाली, "हे कोण जी? मी नाई ओळखत यायले," की मुलाची खात्री पटली. माझीही पटत आली होती.

बाहेर आल्यावर मी हिशेब मांडला. दोन कुपनांचे पाचशे रुपये वाचले. माझ्या बाजूने सहाशे नव्वदचा माल नको असताना घेतला, दोन पिशव्या विकत घेतल्या, आणि हिंग राहिलाच. बायकोच्या मते असा हिशेब करणं हे अपशकुनी आहे. "पाचशे वाचले ना?" एवढंच ती म्हणाली आणि बसस्टँडच्या दिशेने चालू लागली. मी मागून, टब डोक्यावर.

एसटीत गर्दी होती. कळंब वीस-बावीस किलोमीटर, पण उभं राहून टब धरला की ते वाढतं. मार्च 2023 पासून बायांना एसटीचं अर्धं तिकीट आहे आणि त्यासाठी एक चिटोरंही कापावं लागत नाही. पंचाहत्तरीच्या पुढे पूर्ण फुकट, पासष्टपासून अर्धं. मी बासष्टचा. म्हणजे मला अजून तीन वर्षं अटी लागू. बायको खिडकीपाशी बसली, मांडीवर लाल पिशवी. मी दोन सीटं मागे दांड्याला लटकलेलो.

कंडक्टर आला. तिने पैसे पुढे केले. "कळंब. एक हाफ."

त्याने मागे वळून माझ्याकडे, टबाकडे आणि पुन्हा तिच्याकडे पाहिलं. एकाच दुकानाच्या, एकाच रंगाच्या दोन पिशव्या आमच्या दोघांच्या हातात.

"हे तुमच्यासोबतच ना, मावशी? एक फुल एक हाफ देऊ?"

"नाई जी," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. "आमचं बिल अलग आहे."